फीत न कापणारी कात्री

समस्त नाशिककरांना, जिल्ह्यातील तमाम द्राक्ष बागायतदारांना, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्व सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, त्र्यंबक रोडवरच्या एका भव्य शेती-औद्योगिक प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारावर, प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते, ढोलताशांच्या गजरात, फीत कापली गेली नाही.

या न घडलेल्या घटनेला जबाबदार असलेली बाई त्या वेळी पाहुण्यांच्या उजव्या हाताला, मोरपंखी साडी नेसून, हातात तबक धरून उभी होती. ती मी.

आता मुळापासून सांगते. माझा नवरा कात्र्या करतो. कापडाच्या नव्हेत, केसांच्या नव्हेत. द्राक्षाच्या वेलीची काडी छाटायच्या. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे. त्यात एक लेथ, एक ग्राइंडर, एक छोटी भट्टी आणि एक नवरा. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. चांगली नोकरी, कँटीन, न्यायला-आणायला बस. एक दिवस घरी आला, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "सोडली."

"काय? सिगारेट?" मी विचारलं. त्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही, पण धक्का बसला की माणूस काहीही विचारतो.

"नोकरी," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. आमच्या संसारातल्या त्याच्या लांबलचक भाषणांपैकी हे एक.

पहिली दोन वर्षं त्याने दुसऱ्यांचे सुटे भाग करून दिले. मग छाटणीच्या दिवसांत पिंपळगावला एका मित्राच्या बागेत गेला, तिथे पडलेली कात्री उचलली, उघडझाप करून पाहिली आणि बांधावर बसला. तो मनाने अजून तिथेच बसलेला आहे. पुढची दोन वर्षं त्याने एकच कात्री पुन्हा पुन्हा केली. पात्याला पोलाद कुठलं, स्प्रिंग किती ताठ आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दोन पात्यांमध्ये फट किती. ही फट तो पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून मोजायचा. मला ती फट म्हणजे काहीतरी करायचं राहून गेलंय असंच वाटायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, ती जरा घट्ट का नाही करत?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी चहा करायला निघून गेले.

कात्र्या तयार झाल्या. खोक्यांत भरून मांडणीवर बसल्या. दुकानदार म्हणायचे, "ठेवून जा, बघू." आणि नेमका तेव्हाच जुन्या कारखान्यातून निरोप आला, की टूलरूमचे प्रमुख म्हणून परत या. निरोप आणणारे साहेब भले गृहस्थ. त्यांनी घाई केली नाही. "तुमचं ते प्रदर्शन होऊ द्या," म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी आठ वाजता हजर व्हा. नाहीतर मला तिथे दुसरा माणूस घ्यावा लागेल."

आम्ही दोघांनी ओट्याशी उभं राहून ठरवलं. प्रदर्शनाच्या तीन दिवसांत या कात्रीला खरं गिऱ्हाईक भेटलं, म्हणजे हंगामाभराची मागणी देणारं, तर गाळा राहील. नाही भेटलं, तर रविवारी संध्याकाळी शटर खाली आणि सोमवारी आठला कारखाना. "ठीक," नवरा म्हणाला. पण त्यानंतर लेथ पुसताना तो एकेका चाकावर जरा जास्तच वेळ फडकं फिरवायला लागला. ते पाहिलं आणि मी मनाशी म्हटलं, आता हे प्रकरण आपणच हातात घेतलं पाहिजे. माझं माहेर मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समधलं. तिथे गाडी सुटायला लागली की धावायचं असतं, विचार करायचा नसतो.

संयोजकांनी स्टॉलवाल्यांसाठी एक मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवला होता. विषय होता, प्रदर्शनाचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा. टाय लावलेले एक गृहस्थ दोन तास बोलले. स्टॉलमध्ये खुर्चीवर बसू नका. मोबाइलमध्ये डोकं घालू नका. येणाऱ्याला बोलतं करा, त्याचं नाव-गाव लिहून घ्या. आणि पहिल्या मिनिटापासून लोकांच्या डोळ्यांत भरा! हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून त्याखाली तीन रेघा ओढल्या. पहिलं मिनिट म्हणजे उद्घाटन. उद्घाटनात डोळ्यांत काय भरतं? फीत. फीत कशाने कापतात?

माझ्या अंगावर काटा आला. इतकी उघड गोष्ट आणि आजवर कोणालाच सुचली नव्हती!

संयोजकांना मी तीन वेळा भेटले. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "ताई, आणा तुमची कात्री, पण चकचकीत आणा." मी नाचत घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता.

"ती लाकडाची कात्री आहे," तो म्हणाला.

"फीत लाकडापेक्षा मऊ असते."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

आता कोणी म्हणेल, बाई, त्या "म्हणूनच"चा अर्थ तरी विचारायचा. पण मी हवेत होते. तरी मी अगदीच बेजबाबदार नव्हते. गुपचूप सुतळी कापून पाहिली. टक्! जुन्या परकराची नाडी कापून पाहिली. टक्! साटीनची फीत कापून पाहावी हे डोक्यात आलं नाही, कारण घरात साटीनची फीत नव्हती.

शुक्रवार उजाडला. कमानीला झेंडूच्या माळा, दोन खांबांमध्ये लालबुंद चकाकती फीत, ढोलवाले घामाघूम. मी तबकात कात्री ठेवली होती, तिला हळदकुंकू वाहिलं होतं, शेजारी दोन फुलं. प्रमुख पाहुणे आले. त्यांचं नाव सांगत नाही. ते आजही चांगल्या हुद्द्यावर आहेत आणि त्यांची स्मरणशक्तीही उत्तम आहे. निवेदकाने माइकवरून गर्जना केली, "आपल्या नाशिकच्या मातीत, नाशिकच्या हातांनी घडलेल्या कात्रीने—" हे वाक्य मीच लिहून दिलं होतं. पाहुण्यांनी कात्री उचलली, फितीला लावली, कॅमेऱ्यांकडे बघून हसले आणि दाबली.

टाळ्या झाल्या. फीत होती तिथेच होती.

पाहुण्यांनी खाली पाहिलं. फीत शहाण्या बाळासारखी घडी होऊन दोन पात्यांच्या मधोमध जाऊन बसली होती. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा थोड्या टाळ्या. फीत दुसऱ्या अंगाला घडी झाली. ढोलवाल्यांना काही दिसत नव्हतं, ते जोशात होते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा.

"लॉक काढलंय ना?" पाहुण्यांनी हसू तसंच ठेवून दातांतून विचारलं.

"काढलंय, साहेब."

"मग?"

"जरा... तिरकी धरा."

तिरकी धरली, सरळ धरली, उलटी धरली. फीत चुरगळली, मळली, तिच्यावर हळदकुंकू माखलं, पण कापली जाईना. मोबाइल धरलेले हात वर झाले. दोन, दहा, मग पन्नास. ढोल एकेक करून थांबले आणि त्या शांततेत कात्रीचा तेवढा आवाज येत राहिला, चक, चक, चक.

"ताई," पाहुणे आता मोठ्याने म्हणाले, "ही कात्री आहे का चिमटा?"

हशा पिकला. संयोजक ओरडले, "ब्लेड आणा रे, ब्लेड!" पण गेटवर सुरक्षेवाल्यांनी सगळ्यांच्या खिशांतल्या धारदार वस्तू काढून घेतल्या होत्या. साधा नेलकटरसुद्धा कोणाकडे नव्हता. शेवटी पाहुणे मोठ्या मनाचे, त्यांनी कात्री तबकात ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि वाकून फितीखालून आत गेले. त्यांच्यामागे व्यासपीठावरचे सगळे मान्यवर एकामागून एक वाकून आत गेले. एकांचा फेटा फितीला अडकून मागेच राहिला.

ती फीत दुपारी दोनपर्यंत तशीच होती. तोवर जे जे आले ते वाकून आले. नंतर झाडणाऱ्या बाईंनी गाठ सोडली. गाठ होती! कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं!

मी स्टॉलवर परतले. नवरा कपाळावर आठीसुद्धा न घालता कात्रीवरचं हळदकुंकू पुसत होता.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं."

"नीट सांगायचं!"

"लाकडाची आहे म्हटलं ना," तो म्हणाला.

आमच्या शेजारचा स्टॉल भाज्या किसायच्या यंत्राचा होता. दर प्रदर्शनात असतो तसा, गालाला माइक चिकटवलेला एक बोलघेवडा माणूस. त्याला तर दिवाळीच. "या माउली, या ताई! गाजर कापा, मुळा कापा, कोबी कापा! आणि फीत कापायची असेल तर शेजारी जाऊ नका, इकडंच या!" दिवसभर! शंभर वेळा! लोक त्याच्याकडे हसायचे आणि मग मान वळवून आमच्या पाटीकडे बघायचे.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कुठे कुठे जाऊन आला होता. माझ्या मनमाडच्या भावाने पाठवला, सोसायटीच्या गटावर आला, आणि ज्यांनी मला टाकीच्या नळाशी फक्त "झालं का पाणी?" एवढंच विचारलं असेल त्या बाईंनीही पाठवला. खाली हसणारे चेहरे. टाय लावलेल्या गृहस्थांचा सल्ला मी अगदी तंतोतंत पाळला होता. पहिल्या मिनिटापासून आम्ही सगळ्या जिल्ह्याच्या डोळ्यांत भरलो होतो.

शनिवारी मी ठरवलं, लाज घरी ठेवायची आणि वहीतलं बाकीचं सगळं करायचं. खुर्ची उलटी करून टेबलाखाली सरकवली. सटाण्याकडे आगाप, म्हणजे हंगामाआधीच्या, छाटण्या आटोपल्या होत्या, तिथल्या काड्यांची मोळी मी आधीच आणून ठेवली होती. येईल त्याच्या हातात कात्री द्यायची आणि काडी पुढे करायची. टक्! "आहे की नाही?" मग नाव, गाव, नंबर.

नावं भरपूर मिळाली. कारण आम्ही कापडी पिशवी फुकट देत होतो. एक आजोबा चार वेळा आले, चार वेगवेगळी नावं लिहिली आणि चार पिशव्या घेऊन गेले. पाचव्या वेळी मीच विचारलं, "आज काय नाव, काका?" त्यावर ते न लाजता म्हणाले, "तुम्हीच ठिवा एखादं."

सटाण्याच्या एका शेतकऱ्याने दहा काड्या कापल्या, कात्री कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "वहिनी, कात्री भारी शे."

"मग किती देऊ?" मी पेन उघडलं.

"माले कशाले?" तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन गेला.

असं दिवसभर. भारी आहे, छान आहे, मस्त आहे, पिशवी द्या. दुपारी दिंडोरीचे एक बागायतदार आले. पांढरी टोपी, शांत माणूस, आणि त्यांनी हसत "व्हिडिओ पाहिला" असं म्हटलं नाही, म्हणून मला ते देवमाणूस वाटले. मी त्यांना सरळच विचारलं, "काका, खरं सांगा. सगळे चांगलं म्हणतात आणि कोणी घेत का नाही?"

ते जरा चपापले. "ताई, तुम्ही आम्हाला का विकताय पण?"

"म्हणजे? बाग तुमची ना?"

"बाग आमची. छाटणी टोळीची. सुरगाण्याकडनं, पेठकडनं टोळ्या येतात, एकराचं उक्तं काम घेतात. कात्र्या त्यांच्या त्यांच्या. जिची तिची. दुसरीच्या कात्रीला कोणी हातपन लावत नाय." मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

वाचकहो, मी त्या क्षणी टेबल धरलं. दोन वर्षं! दोन वर्षं आम्ही जी वस्तू करत होतो, ती हातात कोण धरतं हे आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं! आमच्या पत्रकावर तर झोकदार मिशांचा एक शेतकरी कात्री उंचावून उभा होता. त्या मिशीवाल्याने जन्मात एक काडी छाटली नसेल. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातलं फडकं थांबलं होतं. एवढा मोठा धक्का त्याला चार वर्षांत बसला नव्हता.

"मग त्या टोळ्या इथे येतील का?" मी विचारलं.

"इथं? त्यांना कोण बोलावतं इथं?" काका म्हणाले. "पन माझ्याकडं छाटणीला येणाऱ्या टोळीची मुकादम बाई सध्या बोलणी करायला दिंडोरीत आलीय. लावू का फोन?"

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. मी घसा खाकरला, मराठीतली सगळी आदरार्थी रूपं गोळा केली आणि आमच्या कात्रीची ओळख करून द्यायला लागले. दुसऱ्या वाक्याला पलीकडून बाईंनी मला थांबवलं.

"ती फीत न कापणारी कात्री तुमचीच का?"

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर गाळा गेला.

"हो," मी म्हटलं. "आमचीच."

पलीकडे त्या कोणाशी तरी कोकणीत काही बोलल्या. तिकडच्या डोंगराची ती बोली मला नीट कळत नाही. दोन-तीन बायकांचा हसल्याचा आवाज तेवढा आला. मग त्या म्हणाल्या, "उद्या येतो," आणि फोन ठेवून दिला.

हसायला येणार होत्या, याबद्दल मला शंका नव्हती.

रविवारी दुपारी तीन वाजता गेटवरून निरोप आला, की सहा बायका तुमचं नाव सांगताहेत, पण त्यांना आत सोडता येत नाही. मी धावले. नोंदणीच्या टेबलावर एक मुलगी संगणकाशी झटापट करत होती. आत येणाऱ्याच्या गळ्यात बिल्ला हवा, आणि बिल्ल्यावर कंपनीचं नाव आणि हुद्दा लिहिल्याशिवाय तो छापला जात नव्हता.

"यांची कंपनी कुठली?" तिने मला विचारलं.

"टोळी," मुकादम बाईच म्हणाल्या. पन्नाशीच्या, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. "टोळीच लिव्ह, बाई."

"आणि डेसिग्नेशन?"

आता मात्र सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "छाटणी तज्ज्ञ," मी म्हटलं. आणि सहाच्या सहा जणी गळ्यात "छाटणी तज्ज्ञ, टोळी" असे बिल्ले अडकवून प्रदर्शनात शिरल्या. ट्रॅक्टरांच्या दालनातून जाताना एक विक्रेता बिल्ला वाचून अदबीने उठून उभा राहिला.

स्टॉलवर आल्यावर मुकादम मावशींनी पहिलं काम काय केलं? फोन काढला आणि तो व्हिडिओ लावला. शेजारच्या माइकवाल्याने लगेच मान लांब केली.

"हे बघा," मावशी नवऱ्याला म्हणाल्या. "या सायबानी किती येळा दाबली?"

"पंधरा-सोळा," नवरा म्हणाला. त्याने मोजलं होतं!

"सोळा येळा. गुबगुबीत हात सायबाचा, कामाचा नाय. तरी सोळा येळा दाबून हात दुखला का त्याचा? बोटं बघा कशी चाललीत. हलकी! आमची कात्री आसती तर तिसऱ्या येळंला हात झाडला आसता." त्यांनी फोन मिटला. "फीत कापणारी कात्री घट्ट आसती. पात्याला पातं घासतं. दुपारपातूर हात खाती ती. आम्हाला फीत नाय कापायची."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. त्या फटीबद्दल दोन वर्षांत त्याच्याशी कोणी एवढं बोललं नव्हतं. बायको तर "घट्ट करा" म्हणत होती.

"काडी आणा," मावशी म्हणाल्या.

मी मोळी पुढे केली. त्यांनी एका हातात काडी धरली आणि टक्-टक्-टक्-टक्, मला डोळ्यांनी मोजता येईना. चार काड्यांचे तुकडे पायाशी पडले. इतर पाचजणीही कात्र्या घेऊन बसल्या. खाली, चक्क जमिनीवर! माझ्या वहीत खुर्चीवर बसू नये असं होतं, जमिनीबद्दल काही नव्हतं. मीही बसले. मोळी संपली. शेजारचा माइकवाला गप्प होता. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या यंत्राचा आवाज ऐकू येत होता, त्याचा नव्हे.

"पातं चांगलं," मावशी म्हणाल्या. "चालती झकास. पन मूठ कोनासाठी केली?"

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

मावशींनी कंबरेची स्वतःची जुनी कात्री काढून त्याच्या तळहातावर ठेवली. तिच्या मुठीला लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, वर सायकलची ट्यूब. आणि मुठीचा खालचा भाग चक्क करवतीने कापून टाकलेला. "बघा. दुकानातली कात्री आनली की आधी हे करायचं. सगळ्या करत्यात. एवढी लांब मूठ आमच्या हातात मावत नाय, बोटं पुरत नायत. माप कोनाचं घेतलं होतं?"

नवऱ्याने आपल्या हाताकडे पाहिलं. पंजा केवढा! शेगडीवरची कढई चिमटा न घेता उतरवणारा.

"माझं," तो म्हणाला.

"मंग तुमी येनार का छाटणीला?"

सहाही जणी असं हसल्या की ट्रॅक्टरच्या दालनातले लोक डोकावले. एक तरुण बाई म्हणाली, "येऊ द्या की, मावशी, काडी बांधायला ठिवू!" मीही हसले. पण एवढं जमत आलेलं आणि आता मुठीवर अडणार! सोमवारचे आठ सोळा तासांवर होते.

"बदलून दिली तर?" मी विचारलं.

मावशींची बाकीच्यांशी कोकणीत दोन वाक्यं झाली. मग म्हणाल्या, "आमच्या टोळीत बावीस जनी. आमच्या बाजूच्या पाड्यांवर आनखी सात टोळ्या, त्यांच्या मुकादमनी माझ्या ओळखीच्या. दसऱ्याआधी हाताला बसंल अशी करून द्या. सगळ्या घेतील. पन चिंधी गुंडाळायला लागली तर परत तुमच्या दारात आनून टाकीन."

मी पेन शोधायला लागले. वहीत "मागणी" असं सदर होतं, ते तीन दिवस कोरं होतं. पेन सापडेना. वर पाहिलं तर पेन्सिल नवऱ्याच्या हातात. त्याने एक पत्रक उलटं करून कोऱ्या बाजूने टेबलावर ठेवलं आणि मावशींना म्हणाला, "हात ठेवा. बोटं सैल."

मावशींनी हात ठेवला. तळव्याला दोन ठिकाणी घट्टे, करंगळीजवळ जुनी जखम. तो पेन्सिल बोटांच्या कडेने फिरवायला लागला. मग थांबला आणि म्हणाला, "आता मूठ वळा." वळलेल्या मुठीचीही रेघ ओढली. "दुखतं कुठे?" मावशींनी दाखवलं. त्याने तिथे फुली मारली. "सकाळी का संध्याकाळी?" वीस वर्षं मी या माणसाला "दुखतं का कुठे?" असं विचारायला शिकवत होते! बाकीच्या पाचजणी रांगेत उभ्या राहिल्या. एक जण मला म्हणाली, "ताई, आमचं माप हितं आन गळ्यातला बिल्ला घरी न्यायचा ना?" मी म्हटलं, "न्या की!"

आणि नेमके तेव्हाच सातपूरचे साहेब आले. त्यांच्या कारखान्याचाही पलीकडच्या दालनात स्टॉल होता. हसतमुख, हातात आमचीच कापडी पिशवी. ते थेट टेबलाशी येऊन उभे राहिले, नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "मग? उद्या आठ वाजता ना? मी तुमची खुर्चीसुद्धा लावून ठेवलीय."

मावशींचा हात अजून कागदावर होता, अंगठ्याची रेघ अर्धीच राहिली होती. नवऱ्याने मान वर केली नाही. पेन्सिल तशीच धरून, वीस वर्षांत मी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "साहेब, नोकरीचं राहू द्या, आधी जरा बाजूला व्हा, मावशींच्या हातावर तुमची सावली पडतेय!"